एक्केचाळीस नंबरचं वठलेलं झाड

ती. मोठ्या मावशीस,

भागूचा शिरसाष्टांग नमस्कार. (हे केवळ लिहायची रीत म्हणून नाही. या क्षणी मी खरोखरच जमिनीवर आहे. बागेतल्या कुंड्यांच्या खोलीत, रिकाम्या कुंड्यांच्या दोन रांगांमध्ये, बियाण्यांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसलोय. या खोलीला कमरेच्या वर सगळ्या काचा आहेत आणि उठून उभा राहिलो तर ऑफिसच्या शिपायाला माझं डोकं दिसेल.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कट्कन वाजतो का? तेल चोळतेस, की बाटली नुसती खिडकीत ठेवून तिच्याकडे बघत बसतेस? आमच्याकडे सगळं ठीक. म्हणजे बायको ठीक, मुलगी तिच्या घरी ठीक, आणि मी सोडून बाकी सगळेच ठीक. सात महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागाव, तुझा हक्कच आहे. पण हे वाचून होईपर्यंत राग जरा बाजूला ठेव, कारण तुझ्या भाच्याची पाचावर धारण बसलीय. तू म्हणशील, यात नवीन ते काय? लहानपणी झुरळ बघून मी माळ्यावर चढलो तेव्हापासून तूच मला 'भित्री भागूबाई' म्हणायला लागलीस, आणि पुढे त्यातलं 'भागू' तेवढं उरलं. पण आजवरची माझी भीती उगाचची होती. ही खरी आहे. हिला कारण आहे, आणि ते कारण मी माझ्या हातांनी करून ठेवलंय.

तू इथे एकदाच आलीस, तेव्हा राजवाडा बघितलास, बाग राहिली (गुडघा). म्हणून आधी थोडं सांगतो. राजवाड्यामागे तळं आहे, तळ्यापलीकडे टेकडी, टेकडीवर मोडका मनोरा. बघणाऱ्याला वाटतं, निसर्गाची काय लीला! तसं वाटावं म्हणूनच दोनशे वर्षांपूर्वीच्या राजेसाहेबांनी शेकडो माणसं राबवून हे सगळं करून घेतलं. तळं खणलेलं आहे, टेकडी त्याच तळ्यातून निघालेल्या मातीची आहे, आणि मनोरा काही पडून मोडलेला नाही, तो पहिल्यापासून मोडकाच बांधलाय. मागे एका भल्या गवंड्याने कोणी न सांगता त्याचे दोन दगड नीट बसवले, तर ते पुन्हा पाडून, जुन्या फोटोशी ताडून, होते तसे वाकडे टाकून घ्यावे लागले. गवंडी बिचारा अजून मला वेडा समजतो. तर या सगळ्याचा मी अधीक्षक. लोकांना वाटतं मी बाग वाढवतो. खरं म्हणजे मी ती वाढू देत नाही. जे जसं होतं ते तसंच ठेवायचं, एवढंच माझं काम, आणि मला त्यात फार सुख होतं. काही करायचंच नसलं की चूक कुठून होणार?

आता मुद्द्याचं. टेकडीच्या पायथ्याला, तळ्याच्या काठावर एक वठलेलं झाड होतं. (होतं. हा शब्द लिहितानासुद्धा पेन अडखळलं बघ.) उंच, काळपट, एक पान नाही, आणि डाव्या अंगाची एक लांब फांदी थेट पायवाटेवर आलेली. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मला त्या झाडाची धास्ती. वारा सुटला की ते करकरायचं. एकदा त्याची काटकी एका फोटोग्राफरच्या टोपीवर पडली. तो हसला, पण मी दोन दिवस जेवलो नाही. उद्या ही फांदी कोणाच्या डोक्यात पडली तर? चौकशी होणार, अधीक्षक कोण म्हणून विचारणार, आणि मला बेड्या घालून त्याच पायवाटेवरून नेणार, इथपर्यंत मी मनात जाऊन यायचो. म्हणून दरवर्षी मी अर्ज करायचो, की मेलेलं झाड धोकादायक झालंय, काढायची परवानगी मिळावी. पहिल्या वर्षी अर्ज परत आला: झाडाची प्रकृती कळवावी. मी लिहिलं, प्रकृती: मृत. दुसऱ्या वर्षी परत आला: केव्हापासून मृत, ते कळवावं. ते कोणालाच माहीत नव्हतं. हेडमाळ्याला विचारलं तर तो म्हणाला, त्याच्या आजोबांनीही ते तसंच बघितलं होतं. (हा हेडमाळी दिवसाला फार तर चार वाक्यं बोलतो. त्या दिवसाचं पहिलं वाक्य मी असं वाया घालवलं.) तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. तीन पिढ्या मेलेलं झाड उभं राहतं कसं? पण घाबरलेल्या माणसाला धोका तेवढा दिसतो, बाकी काही दिसत नाही.

पुढे जुने संचालक निवृत्त झाले आणि नव्या बाई रुजू व्हायच्या होत्या, त्या मधल्या अकरा दिवसांचा चार्ज माझ्याकडे आला. आणि मावशी, मी आयुष्यात पहिल्यांदा एक धाडस केलं. अर्जदार म्हणून खाली माझी सही होतीच, मंजुरी म्हणून वरही मीच सही ठोकली. दुसऱ्या दिवशी सकाळी करवत लागली आणि दुपारी झाड आडवं. नुसतं आडवं करून थांबलो असतो तरी बरं होतं. पण अंगात आलेला जोर मला सोसेना. बुंध्याचे तुकडे केले, फांद्यांचा भुसा करून गुलाबाच्या वाफ्यांत पसरला, मुळं उपटली, खड्डा बुजवला, वर हिरवळ लावली. बायको म्हणाली, चला, उभ्या जन्मात एक काम तरी स्वतःच्या मनाने केलंत. ते वाक्य मी आठवडाभर मनातल्या मनात घोळवत होतो. त्या आठवड्यात मला झोपही छान लागली. तीच शेवटची.

नव्या संचालक बाई म्हणजे वयाने माझ्या मुलीएवढ्या. सडपातळ, गळ्यात मापाची टेप, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागतं. ओरडणाऱ्या साहेबाची मला सवय आहे. हळू बोलणाऱ्या माणसासमोर माझे हातपाय गळतात. आल्या आल्या त्यांनी दप्तरखाना उघडला आणि महिन्याभरात बागेचा मूळ नकाशा शोधून काढला. राजेसाहेबांच्या वेळचा, कापडावर चिकटवलेला. त्यात एकूण एक झाडाला नंबर आहे. सगळ्या खातेप्रमुखांना बोलावून बाईंनी तो टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, यात सगळ्यात सुंदर काय असेल तर हे एक्केचाळीस नंबर. मी पुढे वाकून वाचलं. वाकलो तो तसाच राहिलो. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, की या जागी वठलेलं झाड असावं. राजेसाहेब न्याहारीला बसले की समोरच्या खिडकीतून ते दिसलं पाहिजे, म्हणजे कितीही वैभव असलं तरी शेवट काय आहे त्याचा विसर पडणार नाही. झाडाची जात कोणतीही चालेल, पण डावीकडे एक लांब फांदी हवी. आणि ते पडलं तर अधीक्षकाने तसंच दुसरं वठलेलं झाड शोधून आणून पुरावं. समासात सह्या होत्या, मावशी. पाच सह्या. दोनशे वर्षांत माझ्या खुर्चीवर बसलेल्या पाच माणसांनी, पहिलं कुजून पडलं की दुसरं मेलेलं झाड शोधून आणलं, इमानाने उभं केलं आणि खाली सही केली. आणि सहावा मी, ज्याने उभं असलेलं कापून गुलाबांना घातलं. गुलाब यंदा अतोनात फुललेत. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

तू विचारशील, बाईंना ते दिसलं कसं नाही? अगं, न्याहारीच्या खोलीतले जुने पडदे उजेडाने विरतात, म्हणून त्या खिडकीच्या झडपा वर्षभर बंद आहेत. आणि बाईंनी आधी राजवाडा आतून तपासायला घेतला, बाग शेवटी ठेवली. आता वारसा जपणाऱ्यांची एक मोठी समिती बाहेरून यायची आहे. आजपासून एकोणिसाव्या दिवशी. बागेचं नाव त्यांच्या यादीत घालायचं की नाही ते त्या दिवशी ठरेल, आणि आमचा अर्ज सगळा एकाच गोष्टीवर उभा आहे: मूळ नकाशातले दोनशे बाराच्या दोनशे बारा नंबर जागच्या जागी आहेत. समिती न्याहारीच्या खोलीत बसणार, आणि बाई म्हणाल्या, झडपा उघडायचा मान इथल्या सगळ्यात जुन्या नोकराचा. तो मीच. एवढं सांगून त्यांनी हळूच विचारलं, आपलं एक्केचाळीस ठीक आहे ना? त्याच क्षणी सांगून टाकायचं होतं. तोंडही उघडलं होतं मी. पण त्या उघड्या तोंडातून बाहेर पडलं ते असं, की अगदी जसंच्या तसं आहे बाई, काही काळजी नको. आणि एवढ्यावर न थांबता पुढे जोडलं, पालवी वगैरेही नाही. ही माहिती मला कोणी विचारली होती का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. खरं सांगावं तर त्या कागदावर खाली माझी सही आणि वरही माझीच, दोष ढकलायला तिसरा माणूसच नाही. निवृत्तीला दहा महिने राहिलेत. नोकरी गेली तर राहतं घर बागेचं, तेही गेलं. बायको रोज म्हणते, जाऊन सांगून टाका. मी रोज बूट घालतो, संचालकांच्या दारापर्यंत जातो, पायपुसण्यावर पाय पुसतो आणि परत येतो. त्या दाराइतकं स्वच्छ पायपुसणं आणि माझ्याइतके स्वच्छ बूट ऑफिसात दुसरे नाहीत.

म्हणून मग मेलेलं झाड शोधायला निघालो. मावशी, एरवी जिकडेतिकडे वठलेली झाडं दिसतात असं तुला वाटतं ना? मलाही वाटायचं. हेडमाळी आणि मी बागेचा ट्रक घेऊन तीन दिवस हिंडलो, तर जिथे बघावं तिथे झाडं हिरवीगार. एका लाकडाच्या वखारवाल्याला विचारलं, मेलेलं पण उभं, डावी फांदी लांब आणि मुळासकट असं काही आहे का. त्याने माझ्याकडे, मग हेडमाळ्याकडे बघितलं आणि आपल्या माणसांना जवळ बोलावून घेतलं. पुढे एका दवाखान्याच्या आवारात मनासारखं सापडलं. मी टेप लावून मापं घेत होतो तेवढ्यात हेडमाळ्याने फांदीच्या टोकाला बोट लावून दाखवलं. कोंब. झाड मेलेलं नव्हतं, नुसती पानगळ झाली होती. वरून दवाखान्याचा रखवालदार धावत आला, की रोगी खिडकीतून बघताहेत, त्यांच्यासमोर कसली मापं घेता! त्यातला एक म्हातारा तर मला बघून पांघरुणात शिरला म्हणे.

शेवटी नाटकांचे देखावे करणाऱ्या एका कारागिराला गाठलं. त्याने लोखंडी सळ्या, गोणपाट आणि रंग यांचं झाड करून दिलं. दुरून बघितलं तर मीच फसलो, इतकं हुबेहूब. फक्त वरच्या फांदीवर त्याने स्वतःच्या मनाने एक घुबड बसवलं होतं, आणि काढ म्हटल्यावर त्याला राग आला, कारण सगळ्यात जास्त मेहनत घुबडावर झाली होती. तर घुबडासकट ते उभं केलं. मी राजवाड्याच्या पायऱ्यांवर जाऊन बघितलं आणि महिन्यात पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. तेवढ्यात हिरवळीचे फवारे सुरू झाले. (ठरलेल्या वेळी ते आपोआप सुरू होतात. ती वेळ मीच ठरवली आहे.) झाडाचा रंग ओघळून तळ्यात उतरला, दोन पांढरी बदकं चॉकलेटी झाली, आणि गोणपाट भिजून ती डावी फांदी सावकाश, एखाद्याने नमस्कार करावा तशी, खाली वाकली. घुबड मात्र पक्क्या रंगाचं होतं. आम्ही ते सगळं ताडपत्रीत गुंडाळून गवताच्या गंजीमागे टाकलं. बदकं अजून धुतोय.

आता एक गोष्ट सांगतो ती तुझ्याजवळच ठेव, मला तिची शरम वाटते. त्या वखारवाल्याने जाता जाता सांगितलं होतं, की बुंध्याची साल गोल सोलून काढली की कोणतंही झाड उभ्या उभ्या वठतं. एक्केचाळीसच्या शेजारी चाळीस नंबर आहे. भरगच्च झाड, खाली गार सावली. परवा भर दुपारी मी कोयता घेऊन तिथे गेलो. हेडमाळी मागे येऊन उभा राहिला. अडवलं नाही, काही नाही. फक्त म्हणाला, साहेब, यानं तुमचं काय केलंय? कोयता बुंध्याला टेकवला होता मी. कोयता खाली टाकला आणि तिथेच सावलीत बसून रडलो, मावशी. या वयात, माळ्यासमोर. नंतर लक्षात आलं, की साल सोलूनही झाड वठायला पुरता एक मोसम जातो, समिती येईपर्यंत काही ते मेलं नसतं. पण हे मला कोयता टाकल्यानंतर आठवलं, आधी नाही, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेव.

आणि आता आज मी या कुंड्यांमध्ये का बसलोय, तर बाईंना सकाळी अचानक टेकडीकडे फिरायला जायचं होतं. मी घाईघाईने सांगितलं, पायवाट बंद केलीय, मधमाशा उठल्यात. मला वाटलं, सुटलो. तर त्या इतक्या चांगल्या मनाच्या, की माझ्याच काळजीने त्यांनी तासाभरात मधमाशांचा जाणकार बोलावून घेतला. तो गेले दीड तास तळ्याकाठी माशा शोधतोय आणि शिपाई त्याला जागा दाखवायला मला शोधतोय. म्हणजे आता एकोणीस दिवसांत झाड हवं, आणि आजच्या आज मधमाशा! पाठ मोडून आली, पायाला मुंग्या आल्यात, आणि बाहेर कोणाची तरी पावलं वाजताहेत, म्हणून आवरतं घेतो. गुडघ्याला जप, जिना चढू नकोस. शेजारच्या वहिनींना नमस्कार. तुझ्या उत्तराची वाट बघतोय, लवकर धाड.

तुझाच भित्रा,
भागू

ता.क. पावलं बदकांची होती.

ता.क. दुसरा. मावशी, खरं ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहायचा धीर चार पानांत झाला नाही. आता लिहितो, डोळे मिटून. तुझ्या अंगणातलं काकांचं झाड. ते गेले त्याच्या पुढच्याच वर्षी वठलं, ते. डावीकडे लांब फांदी आहे, काका जिच्यावर ओला टॉवेल टाकायचे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणशील, पण पहिल्या दिवशीच मला ते आठवलं होतं, फक्त तुला विचारायची छाती होत नव्हती. दर खेपेला मीच तुझ्या मागे लागायचो ना, की कौलांवर पडेल, तोडून टाक? आणि तू म्हणायचीस, मी असेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आता ते पाडायची नगरपालिकेची नोटीस आलीय असं ऐकलं. मावशी, ते मला दे. हेडमाळी मुळासकट अलगद काढेल, त्याचा हात फार हलका आहे. इथे ते एक्केचाळीस नंबर होईल, नकाशात त्याची नोंद होईल, समासात सहावी सही मी करीन. नगरपालिकाच काय, खुद्द राजा आला तरी त्याला हात लावता येणार नाही, कारण ते कापणं हा गुन्हा आहे. (हे मला सगळ्यात चांगलं माहीत.) तू केव्हाही ये, तळ्याकाठी बाक आहे, पायऱ्या नाहीत.

ता.क. तिसरा. शिपाई जेवायला गेला तेव्हा मागच्या फाटकाने घरी आलो आणि पाकीट चिकटवायला बायकोकडे दिलं. तिने आधी पत्र वाचलं. मागच्या महिन्यात ती चार दिवस तुझ्याकडे होती ना, तर ती म्हणते, मावशी रोज सकाळी त्या झाडाला तांब्याभर पाणी घालतात, आणि घालताना काहीबाही बोलतात त्याच्याशी. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. आणि म्हणते, बुंध्याशी भिंतीच्या बाजूला काहीतरी हिरवं दिसलं होतं. पान होतं की शेवाळ? विचारलं तर म्हणते, मी काय झाडं तपासायला गेले होते? मावशी, तूच बघ आता. एक जरी पान असेल, नखाएवढं का असेना, तरी ट्रक येणार नाही. त्या दिवशी मी झडपा उघडीन आणि बाईंसमोर, समितीसमोर सांगीन, की झाड मी तोडलं, मी एकट्याने. बोबडी वळेल, पण सांगीन. काकांचं झाड जिवंत असताना मी ते इथे मेलेलं म्हणून उभं करणार नाही. तू पाणी घालत राहा. फक्त एवढं कर. चष्मा पुसून घे, चांगल्या उजेडात जा, अगदी जवळून बघ, आणि शेवाळ असेल तर मायेपोटी त्याला पान म्हणू नकोस. ट्रक सोमवारी सकाळी निघायचा आहे.